पाचवा दांडा

मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या जातीतच नाही. मोटारीच्या मागच्या दोन चाकांना जोडणारा मी एक जुना लोखंडी आस. माझं पोट मधोमध फुगलेलं आहे आणि दोन्ही बाजूंना नळ्यांचे दोन लांब हात आहेत. पोटात तेलात बुडालेली दातेरी चाकं आहेत. इंजिनाकडून आलेलं फिरणं ती वळवतात आणि दोन्ही चाकांना वाटून देतात. आपल्या भाषेत 'आस' म्हणजे ओढ, असाही एक अर्थ आहे. माझ्यापुरते हे दोन्ही अर्थ एकच. गाडी थांबली की मला करमत नाही. इंजिन बंद झालं, माणसं उतरून गेली, दार लागलं, की मी आपला मनातल्या मनात पुढचं वळण घेत बसतो.

माझी एक खोड आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची हकिगत समजेल. मी एकसंध आहे. काही गाड्यांत मागची चाकं सुटी सुटी असतात. एक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही. माझं तसं नाही. एक चाक दगडावर चढलं की मी अख्खा कलतो आणि दुसऱ्या चाकालाही ते कळतंच. ह्याला कोणी दोष म्हणेल. मी त्याला शेजारधर्म म्हणतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या कामाचं मला फारसं आठवत नाही. आठवते ती भट्टीची धग, आणि तपासणाऱ्या बाईची हातोडी. ती प्रत्येकाला एकदा ठोकायची आणि कान देऊन आवाज ऐकायची. माझा आवाज तिला पसंत पडला. तिथून मी एका लॉन्ड्रीच्या व्हॅनखाली गेलो. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, ओल्या कपड्यांची जड गाठोडी. माझ्या दोन्ही हातांवर पोलादी पाट्यांच्या जाड जुड्या बसवलेल्या होत्या आणि सगळा भार त्या पेलायच्या. चौदा वर्षं आम्ही पहाटेपासून दुपारपर्यंत धावलो. व्हॅनचा ड्रायव्हर आल्यागेल्याला सांगायचा, "इंजिन दोनदा उघडलं, पण मागचा आस? अजून हूं नाही का चूं नाही." असं कोणी बोललं की मला आणखी दहा मैल जावंसं वाटे.

पण ओल्या कपड्यांच्या पाण्याने व्हॅनचा पत्रा खालून खाल्ला. एक दिवस पायाखालची जमीन दिसायला लागली, म्हणजे ड्रायव्हरच्या पायाखालची. व्हॅन भंगारात गेली. तिचे पत्रे कापून नेले, इंजिन नेलं, काचा नेल्या. मी राहिलो. तीन वर्षं एका फुटक्या बाथटबशेजारी चिखलात पडून होतो. रस्ता कुंपणापलीकडेच होता. दिवसभर त्यावरून चाकं जायची आणि मी ऐकत राहायचो. ह्यापेक्षा वितळवलं असतं तरी बरं, असं कितीदा मनात आलं.

मग एका सकाळी तेलाचे डाग पडलेले तपकिरी बूट माझ्यापाशी येऊन थांबले. मी माणसांना बुटांवरून ओळखतो, कारण गाडीखालून दुसरं दिसत नाही. ह्या बुटांचा मालक उकिडवा बसला, माझं एक टोक तळहातात धरून हळूच फिरवू लागला आणि मान तिरकी करून ऐकू लागला. कारखान्यातल्या त्या बाईनंतर इतकं लक्ष देऊन मला कोणी ऐकलं नव्हतं.

"दात शाबूत आहेत गड्याचे," तो स्वतःशीच म्हणाला.

हा लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. घरचेदारचे सगळे त्याला खटपट्या म्हणत. वीस वर्षं त्याने उंच इमारतींत माणसांना वर-खाली नेणारी यंत्रं सांभाळली होती. "आता एकदा तरी आडवं जाणारं काही करायचंय," असं तो म्हणे. त्याला स्वतःच्या हातांनी एक छोटी स्पोर्ट्‌स कार बांधायची होती. दोन माणसांची, बुटकी, उघडी, अंगाने हलकी. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चौकोनी पाइपांचा सांगाडा आधीच उभा होता. इंजिनही मिळालं होतं. मागची बाजू तेवढी अडली होती. तिथे मी आलो.

खटपट्याची बायको पहिल्याच दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "अहो, एवढं जड धूड ह्या किडकिडीत गाडीला? माणूस काडीपैलवान आणि पायात लोखंडी बूट!"

मला राग आला, पण ती खरं बोलत होती. खटपट्याने आधी माझे लॉन्ड्रीतले पाटेच वापरून पाहिले. ते गाठोड्यांच्या भारासाठी घडलेले. ह्या हलक्या गाडीखाली ते वाकायलाच तयार नव्हते. बारीक खडी आली तरी गाडी टणाटण उडायची. बायको एकदा गल्लीच्या टोकापर्यंत बसून गेली आणि परत पायी आली. मग त्याने जुडीतले काही पाटे काढले. त्याने दुसरंच दुखणं सुरू झालं. जोराने निघालं की मऊ पाटे पिळवटायचे आणि दोन्ही चाकं जमिनीवर थयथय नाचायची. शेवटी पाटे कोपऱ्यात पडले. खटपट्याने ठरवलं, भार गोल स्प्रिंगांवर द्यायचा आणि मला जागेवर धरायला लोखंडी दांडे लावायचे. दोन खाली, दोन वर, सांगाड्यापासून माझ्यापर्यंत. आणि मी डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून आणखी एक आडवा. एकूण पाच.

दर रविवारी शेडमध्ये एक सपाट काळी चप्पल येई. ती ताईची, खटपट्याच्या मोठ्या बहिणीची. ताई मुलींच्या शाळेत भूमिती शिकवायची. ती कंपासपेटी पर्समध्ये घेऊनच हिंडते, अशी तिची चेष्टा चालायची, आणि ती खरीही होती. तिने वाकून दांड्यांकडे पाहिलं.

"वरचे दोन्ही आखूड का रे?"

"मधे सीट येते. जागा कुठाय?"

"मग गाडी कलली की वरच्या दांड्यांची टोकं एका कमानीत फिरणार आणि खालच्यांची दुसऱ्या. डावीकडे आस एका अंगाने पिळला जाईल, उजवीकडे दुसऱ्या. भांडण लागेल त्यांच्यात."

"लोखंड आहे ताई. भांडू दे. मी जाड पट्टी लावतो."

"जाड पट्टी म्हणजे उत्तर नव्हे."

"तुझ्या फळ्यावर नसेल. माझ्याकडे आहे."

काळी चप्पल दाराकडे वळली. माझ्याविषयी बोलायचं तर, मलाही तेव्हा बोलणं नको होतं. इतक्या वर्षांनी रस्ता दिसत होता. मला निघायचं होतं! दांडे लागल्यावर पहिल्याच दिवशी वळणावर वरच्या दांड्यांची ओढ मला जाणवली. अंग आखडल्यासारखं झालं, आतून कुरकुर उठली. ती कुरकुर इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू आली नाही. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती, मुलं टाळ्या वाजवत होती. मीही फुशारलो.

पंधरा दिवसांनी खटपट्याने ताईला शेजारच्या सीटवर बसवलं. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. गोदामांच्या मागचा रस्ता मोकळा होता. डावीकडच्या मोठ्या वळणावर गाडी कलली होती, आणि नेमकं तेव्हाच आतलं चाक डांबराच्या एका उंचवट्यावर चढलं. टक्क! डावीकडच्या वरच्या दांड्याला माझ्याशी धरणारी पट्टी मुळापासून फाटली. सगळा पीळ एकट्या उजव्या दांड्यावर आला आणि तोही दुमडला. मी पोटासकट गरकन फिरलो. मागची चाकं वाकडी झाली. खटपट्याने स्टिअरिंग एकीकडे वळवलं आणि गाडी दुसरीकडेच गेली. समोर गोदामाची विटांची भिंत होती. वेग फार नव्हता, पण ताईने सावरायला उजवा हात पुढे टाकला.

मनगट दोन ठिकाणी मोडलं. उजवं. खडू धरायचं.

गाडी ओढून शेडमध्ये आणली गेली. खटपट्याने तिच्यावर ताडपत्री टाकली आणि टाकता टाकता मला एक लाथ हाणली. "तूच मेल्या!" म्हणाला. लागायचं त्यालाच लागलं, मी लोखंडाचा. पण ती लाथ माझ्या अंगातून अजून गेलेली नाही. मी तुटलो नव्हतो, मित्रांनो. ज्या गोष्टी मला करता येत नाहीत त्या मला एकाच वेळी करायला लावल्या होत्या. पण हे सांगणार कोणाला? पाच महिने मी त्या ताडपत्रीखाली होतो. एक चाक हवेत, एक जमिनीवर. तेल एका बाजूला साठून दुसरी बाजू कोरडी पडलेली. बाहेर बादलीचा आवाज झाला तरी वाटे, आले.

आले ते एका रविवारी, आणि भांडतच आले.

"मी इथे पाऊल टाकणार नाही म्हटलं होतं," खटपट्या दाराशीच उभा राहून म्हणाला.

"पण मी टाकतेय ना? मग मला धरायला येशीलच तू," ताई म्हणाली. "रोज सकाळी येऊन माझा डबा भरतोस. संध्याकाळी येऊन खिडक्या लावतोस. परवा माझ्या चपलेचा पट्टा लावायला खाली वाकलास. शाळेत मुलींना काय सांगून आलास? बाईंना दप्तर उचलू देऊ नका म्हणून? माझा एक हात मोडलाय रे. उरलेली मी धडधाकट आहे."

"माझ्यामुळे झालं ना ते!"

"झालंच. तुझ्यामुळेच झालं. मी सांगितलं होतं आणि तू ऐकलं नाहीस. नाही कुठे म्हणतेय मी?"

मला वाटतं, पाच महिने सगळे जण त्याला 'तुझी काय चूक' असंच म्हणत होते, आणि ते त्याला पचत नव्हतं. एवढं स्पष्ट कोणी सांगितल्यावर तो पहिल्यांदा आत आला आणि जमिनीवर बसला.

ताईने पिशवीतून लाटणं काढलं, जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या काढल्या, टाचण्या काढल्या. उजवं मनगट अजून आखडलेलं, म्हणून डाव्याने धडपडत होती. खटपट्या मदतीला पुढे झाला तसा तिने त्याचा हात बाजूला केला. "तू नको. अगं, तू धर जरा," ती मागोमाग आलेल्या भावजयीला म्हणाली. लाटणं म्हणजे मी. पट्ट्या म्हणजे दांडे, वरच्या दोन आखूड, अगदी तशाच. ताईने लाटण्याचं एक टोक उचललं, दुसरं दाबलं. पुठ्ठा कुरकुरला आणि वरची डावी पट्टी टाचणीपाशी फाटली. माझी पट्टी फाटली होती तिथेच.

"आता मोज," ताई म्हणाली. "हे लाटणं मोकळं असताना किती तऱ्हांनी हलतं?"

खटपट्याने हातात घेऊन पाहिलं. "वर-खाली. पुढे-मागे. डावी-उजवीकडे. तीन. मग एक टोक वर करून कलणं, चार. एक टोक पुढे काढून तिरपं होणं, पाच. आणि स्वतःभोवती गोल फिरणं. सहा."

"ह्यातल्या दोन त्याच्या हक्काच्या. खड्डा आला की वर-खाली होणं आणि कलणं. त्यासाठी तर तू स्प्रिंगा बसवल्यास. राहिल्या किती?"

"चार."

"एक दांडा एक गोष्ट बांधतो. तू दांडे लावलेस किती?"

त्याचं बोट हवेतच एकेक दांडा मोजत होतं. मग म्हणाला, "पाच."

"चार बांधायच्या होत्या, तू पाच बांधल्यास," ताई म्हणाली. "माझ्या बाबतीतही तुझं तेच चाललंय."

खटपट्याची बायको पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करत हळूच म्हणाली, "मी म्हणतच होते वन्सं, ह्यांना मोजता येत नाही. चहातली साखरसुद्धा नाही येत." ताई आधी हसली. मग खटपट्याही हसला, पण त्याने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. किती दिवसांनी माझ्या अंगावर हात पडत होते! वरचे दोन दांडे गेले आणि त्यांच्या जागी एकच आला, दोन सीटांच्या मधून जाणारा. एकच असल्यामुळे त्याला लांब व्हायला जागा होती. तो खालच्यांइतकाच लांब झाला. खालचे दोन राहिले. आडवा दांडा बदलून लांबच्या लांब केला, आणि गाडी उभी असताना तो जमिनीला समांतर राहील असा बसवला. टोकांना कडक लोखंडाऐवजी रबराचे बुश आले, म्हणजे बारीकसारीक कुरबुरी तिथेच मिटतील. नव्या पट्ट्या खटपट्याने स्वतः जोडल्या नाहीत. नावा बांधणारा एक म्हातारा वेल्डर आणला. त्याने आधी माझा गंज पांढऱ्या लोखंडापर्यंत घासला, तेव्हा कुठे ठिणगी पाडली.

मी सांगाड्याशी काटकोनात आहे की नाही हे बघायला खटपट्याने लिफ्टच्या कामातला ओळंबा आणला. लिफ्टचे रूळ सरळ लावायला तोच वापरतात. चार ठिकाणांहून दोरी सोडून त्याने जमिनीवर खडूचे ठिपके काढले. ताईने दोन्ही कर्ण मोजले. तीन मिलिमीटरचा फरक निघाला. खटपट्या म्हणाला, "चालेल." ताईने नुसतं त्याच्याकडे पाहिलं असावं, कारण तो मुकाट्याने पाना घेऊन परत खाली आला. मला मात्र दम धरवत नव्हता. तीन मिलिमीटर! पण त्या तीनसाठी आणखी एक अख्खा रविवार गेला.

गाडी पुन्हा रस्त्यावर आणायला सरकारी तपासनिसाची सही लागते. जाड रबरी तळव्यांचे बूट आले, पाठीवर झोपले, आणि एक बॅटरी माझ्या अंगावरून इंचाइंचाने फिरली. आडव्या दांड्यापाशी ती थांबली.

"ह्या नटला लॉक नट नाही."

"घट्ट आवळलाय साहेब. सुटणार नाही," खटपट्या म्हणाला.

"सगळे हेच म्हणतात. पुढच्या आठवड्यात या."

एका नटासाठी आणखी आठ दिवस! खटपट्या घरी येईपर्यंत धुमसत होता. ताईने ऐकलं आणि म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." पुढच्या आठवड्यात तेच बूट पुन्हा आले. नट पाहिला, मला बोटाने दोनदा ठोकलं. "माल जुना आहे. पण बांधणी विचाराने केलीय," एवढं बोलून त्यांनी सही केली.

आता मी सुटणार, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. पण खटपट्याने शेजारच्या सीटवर वाळूचं पोतं ठेवलं. ताईच्या वजनाचं. पट्टा लावून बांधलं. रोज कामावरून आला की गोदामांच्या मागच्या त्याच रस्त्यावर त्याच वळणावर न्यायचा, आधी हळू, मग जरा जोरात. एक चाक चढायचं, मी कलायचो, आणि कुठेच काही अडायचं नाही. परत आला की खाली झोपून एकेक जोड हाताने चाचपायचा. रविवारी ताई यायची. तो तिला सगळं सांगायचा, ती ऐकायची, दोन प्रश्न विचारायची आणि जायची. 'बसतेस का?' हे त्याला विचारवत नव्हतं. ती आपण होऊन म्हणत नव्हती. असे चार महिने गेले. पोतं मेल्यासारखं पडून असायचं. वळण आलं तरी कलायचं नाही, काही बोलायचं नाही. मी चिडून जायचो. रस्ता होता, वेग होता, अंगात पीळ नव्हता, आणि तरी गाडीत काहीतरी अडकून बसलेलं होतं.

पाचव्या महिन्यातल्या एका रविवारी पट्टा सुटल्याचा आवाज आला. मग कोणीतरी पोतं ओढलं आणि ते धप्पकन माझ्या चाकाशेजारी जमिनीवर पडलं.

"एवढी जड समजतोस मला?" ताई म्हणाली.

"ताई, अगं, पण तुझा हात..."

"हात माझा आहे. कुठे ठेवायचा ते मी बघेन. तू गाडी चालव."

तो निघाला खरा, पण कसा! पहिल्याच चौकात एक पायी जाणारे गृहस्थ आम्हाला मागे टाकून गेले. ताई म्हणाली, "त्यांना विचार, वाटेत सोडताय का आपल्याला म्हणून." तेव्हा त्याने थोडा वेग वाढवला. गोदामांची भिंत आली, वळण आलं. डावं चाक उंचवट्यावर चढलं, मी कललो, खालचे दोन्ही दांडे आपापल्या कमानीत फिरले, वरचा एकटा सगळा पीळ धरून राहिला, आडव्याने मला सरकू दिलं नाही. आणि त्या वळणावर मला शेजारच्या सीटवरचं वजन जाणवलं. ते बाहेरच्या अंगाला झुकलं, सावरलं, पुन्हा सरळ झालं. जिवंत माणसाचं वजन असंच असतं.

भिंत मागे गेली. मग ताई म्हणाली, "ह्याच्या पुढचा रस्ता कुठे जातो?"

"मी कधी गेलो नाही," खटपट्या म्हणाला.

"मग?"

मित्रांनो, त्या दिवशी आम्ही दुपार उलटून गेल्यावर घरी आलो. आता वर्षाला एकदा माझं तेल बदलतात, महिन्याला एकदा नट आवळून बघतात, रबराला चीर गेली की त्याच आठवड्यात नवं घालतात. तुमच्याकडेही एखादं जुनं यंत्र असेल, तर त्याला असंच जपा. ते कुरकुरलं तर लाथ घालण्याआधी कान देऊन ऐका. आणि जपता जपता त्याला जखडून टाकू नका. बांधायचं तेवढंच बांधा. हलण्याची त्याची जी जागा आहे ती त्याला राहू द्या.

ताईचं मनगट अजूनही पुरतं वळत नाही. फळ्यावर मोठं वर्तुळ काढायचं झालं तर ती आता खांद्यापासून सगळा हात फिरवते. ते नीट गोल येतं का, हे मला कसं कळणार? पण खटपट्या एकदा तिच्या शाळेत जाऊन दाराशी उभा राहून बघून आला. आल्यावर बायकोला सांगत होता, "येतं गं. पहिल्यापेक्षा मोठं येतं."